चिंचिला, ससा, गिनी पिग पुन्हा पुन्हा खाणं सोडत असेल तर आधी दुखणं शोधा

दोन दिवस खाणं बंद. पोटाचं औषध झालं, सिरिंजने भरवून झालं, तिसऱ्या दिवशी स्वारी स्वतःहून खायला लागली. महिना-दीड महिना बरा गेला आणि पुन्हा तोच प्रकार. चिंचिला, गिनी पिग, ससा किंवा डेगू (चिंचिलासारखाच एक छोटा कुरतडणारा प्राणी) पाळणाऱ्या अनेकांना हे चक्र ओळखीचं असेल. दर वेळी ‘पोट बिघडलं होतं, आता ठीक आहे’ म्हणून विषय मिटतो आणि दर वेळी प्राणी थोडा थोडा खंगत जातो.

खाणं एकदाच बंद झालं तर पोटाचं कारण असू शकतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झालं तर ‘काय दिलं म्हणजे खाईल’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘याला कुठे दुखतंय’ हा प्रश्न धरा. या प्राण्यांचं आतडं अखंड चालत राहण्यासाठी घडलेलं आहे. गवताचा धागा सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून शरीराला पोषण मिळतं. शरीरात कुठेही दुखायला लागलं की प्राणी कमी खातो, चारा आत जाणं कमी झालं की आतडं मंदावतं, मंदावलं की वायू धरतो, वायूने पोट दुखतं, आणि पोट दुखतं म्हणून उरलंसुरलं खाणंही थांबतं. आपल्याला दिसते ती यातली शेवटची पायरी. उपचारही तिच्यावरच होतो आणि पहिली पायरी तशीच राहते. म्हणून दुखणं परत येतं.

हॅमस्टर, जर्बिल, उंदीर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे फक्त पुढचे दात आयुष्यभर वाढतात, दाढा वाढत नाहीत, आणि त्यांचा आहारही निव्वळ गवताचा नसतो. त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांना लागू नाही.

आत्ता, या क्षणी खात नसेल तर

कारण शोधायला वेळ लागतो, आणि या प्राण्यांकडे वेळ कमी असतो. बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा. ‘सकाळपर्यंत बघू’ हे कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत एखादवेळी चालून जातं, इथे चालत नाही. ससे आणि गिनी पिग उपाशी राहिले की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि मग मूळ दुखणं बरं झालं तरी प्राणी हातचा जाऊ शकतो. लठ्ठ प्राण्यांना हा धोका जास्त.

पहिलं काम म्हणजे पोटाला हळूच हात लावून बघणं. पोट मऊ, कणकेच्या गोळ्यासारखं लागत असेल किंवा रिकामं, खपाटीला गेलेलं असेल तर आतडं मंदावलेलं असण्याची शक्यता आहे आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत थोडं थोडं भरवता येतं. पण पोट तट्ट फुगलेलं, टणक लागत असेल, प्राणी एका कुशीवर पडून राहत असेल, कान गार पडले असतील, तर तोंडात काहीही घालू नका. आत अडथळा किंवा प्रचंड वायू असू शकतो. या प्राण्यांना उलटी होत नाही, त्यामुळे वरून ढकललेलं अन्न परत बाहेर यायला वाटच नसते. अशा वेळी सरळ दवाखाना गाठायचा, मग कितीही वाजलेले असोत.

भरवायचं असेल तर गवत खाणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी आजारपणातली पावडर सर्वांत चांगली. ती हाताशी नसेल तर त्याचीच रोजची पेलेट (तयार खाद्याच्या दाबून केलेल्या कडक गोळ्या) पाण्यात भिजवून, घोटून, गाळणीतून काढून वापरा. ५०० ग्रॅमच्या चिंचिलाला दिवसभरात साधारण २५ ते ४० मिलिलिटर पुरतं, तेही चार-पाच वेळा विभागून. सिरिंज समोरून घशाकडे रोखायची नाही. तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून आत सरकवायची, अर्धा-एक मिलिलिटर सोडायचं आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. मान वर करून, उताणं धरून भरवलं तर अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते. चिंचिलाला धरताना छाती आवळू नका. घाबरून त्याने अंगावरच्या केसांचा पुंजका सोडला तर काळजी नको, ते त्याचं पळून जाण्याचं शस्त्र आहे आणि केस परत येतात.

माणसांची वेदनाशामक औषधं देऊ नका. दही, दूध, साखरेचं पाणी, फळांचा रस यांतलं काहीही नको. चांगल्या जिवाणूंसाठी म्हणून दही देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण या प्राण्यांच्या सीकमला दुधाच्या पदार्थांची सवय नसते आणि आधीच बिघडलेल्या पोटात ती आणखी एक भर पडते.

आधी काय सोडलं, ते आठवा

प्राणी सावरला की शोध सुरू करायचा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे तो हा: त्याने कुठली गोष्ट आधी सोडली?

पोटात दुखत असेल तर बहुतेक वेळा सगळं एकदम सुटतं. सकाळी गवत, पेलेट, आवडता खाऊ सगळं खाणारा प्राणी संध्याकाळी कशालाच तोंड लावत नाही, अंग चोरून कोपऱ्यात बसतो, पोट जमिनीला दाबतो. दात दुखत असतील तर सोडण्याला क्रम असतो. आधी गवत जातं, कारण ते सर्वांत जास्त वेळ चावावं लागतं. मग कडक पेलेट. भिजवलेली पेलेट आणि मऊ पाला शेवटपर्यंत चालतो. आणि खास गोष्ट म्हणजे अशा प्राण्याला भूक असते. तो वाडग्याशी धावत येतो, पेलेट हातात घेतो, तोंडात घालतो, डोकं थोडं तिरकं करतो आणि टाकून देतो. मग दुसरी उचलतो. लोक याला नखरे म्हणतात. ‘चोखंदळ झालाय, आता त्याला अमुकच आवडतं.’ आवडीनिवडी या प्राण्यांनाही असतात, मान्य, पण पूर्वी गवत खाणारा प्राणी गवत सोडून मऊ खाण्याकडे वळला तर ती आवड समजून सोडून देऊ नका.

दुसरा पुरावा लेंड्यांचा. पिंजरा झाडताना त्यांच्याकडे नीट बघायची सवय लावा. तब्येतीने ठीक असलेल्या प्राण्याच्या लेंड्या आकाराने साधारण सारख्या, भरीव आणि रोज शंभराच्या वर असतात. त्या लहान, टोकदार, कोरड्या व्हायला लागल्या तर चारा कमी जातोय. केसांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर केस पोटात जात आहेत आणि ते पुढे ढकलायला धागा कमी पडतोय. सशांच्या पोटात ‘केसांचा गोळा झाला’ असं निदान पूर्वी फार व्हायचं. केस तर प्रत्येक सशाच्या पोटात असतात. आतडं मंदावलं आणि आतलं पाणी कमी झालं की ते गच्च बसतात. म्हणजे तो गोळा बहुतेक वेळा मंदावलेल्या आतड्याचा परिणाम असतो.

ससे आणि गिनी पिग आपल्या मऊ लेंड्या अंगातून बाहेर पडताच खातात, चिंचिलाही खातात, आणि ते त्यांना आवश्यकच आहे. अशा मऊ लेंड्या पिंजऱ्यात तशाच पडलेल्या किंवा मागच्या केसांना चिकटलेल्या दिसायला लागल्या तर याला जुलाब समजून थांबू नका. बऱ्याचदा वजन वाढल्यामुळे, पाठ किंवा सांधे दुखत असल्यामुळे किंवा तोंडात दुखत असल्यामुळे त्याला त्या उचलता येत नसतात.

दाढा: सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं

चिंचिला आणि गिनी पिग यांना २० दात असतात, सशाला २८. या तिघांचेही सगळे दात, पुढचे आणि दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात. चिंचिलाचे पुढचे दात वर्षाला ५ ते ७.५ सेंटिमीटर वाढू शकतात. दाढा हळू वाढतात, पण वाढतात. ही वाढ झिजेने भरून निघाली तरच तोंड जागेवर राहतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कुरतडायला लाकडाचा तुकडा, खनिजाचा दगड किंवा फांदी ठेवली की दातांची काळजी मिटली, असं समजलं जातं. कुरतडण्याने पुढचे दात झिजतात. दाढा झिजतात त्या गवत चावताना, जबडा आडवा फिरवत तासन्‌तास दळण दळल्याने. गवताच्या पात्यात असलेली बारीक सिलिका त्या कामी येते. पेलेट दोन-चार दाबांत भुगा होते, दाढांना तसं काम पडतच नाही. त्यामुळे पिंजऱ्यात दहा प्रकारची लाकडी खेळणी असली आणि गवत नावापुरतं असलं तर दाढा वाढणारच. खेळणी वाईट नाहीत, ठेवावीत, पण ती गवताची जागा घेत नाहीत.

चिंचिला मूळचा अँडीजच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. तिथलं खाणं म्हणजे रखरखीत, धागेदार झाडोरा. १९२३ साली मथायस चॅपमन यांनी ११ चिंचिला चिलीतून अमेरिकेत आणले ते फरसाठी पैदास करायला, आणि पिंजऱ्यातल्या चिंचिलांची मोठी परंपरा तिथून सुरू झाली. रानात पकडलेल्या चिंचिलांच्या दाढांची तुलना पाळीव चिंचिलांशी केली तेव्हा पाळीवांच्या दाढा लांब आढळल्या. म्हणजे घरात ‘सगळं व्यवस्थित’ असलेल्या चिंचिलाच्याही दाढा हळूहळू वाढत असू शकतात. काहींच्या बाबतीत हा दोष वंशातूनही येतो. दाढांचा त्रास असलेल्या प्राण्याची पिल्लं काढू नयेत, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

दाढ वाढून वरच्या दाढेला टेकली की दोन गोष्टी होतात. एक, कडेला टोकं येतात आणि ती गालाला किंवा जिभेला टोचून जखम करतात. गिनी पिगमध्ये खालच्या दाढा आत झुकत जिभेवर कमान करतात, इतकी की जीभ खाली अडकते आणि भूक असूनही गिळता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. वर जागा न उरल्यामुळे दाढ मुळाकडे, हाडात सरकत जाते. चिंचिलामध्ये हे वारंवार दिसतं. खालच्या जबड्याच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक उंचवटे लागतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या दिशेने सरकतात, अश्रूंची वाट दबते आणि एक डोळा सतत पाणावलेला राहतो. चिंचिला धुळीत लोळतो, त्यामुळे डोळ्यात धूळ गेली असेल असं आपण धरून चालतो. धुळीने आलेलं पाणी बहुधा दोन्ही डोळ्यांत असतं आणि धुळीचं भांडं काही दिवस बाजूला ठेवलं की थांबतं. एकच डोळा आठवडेच्या आठवडे ओला राहत असेल तर दाढांचा एक्स-रे काढून घ्या.

याखेरीज हनुवटी आणि पुढच्या पंजांचे केस ओले, चिकट होणं, तोंडाला वास येणं, खाताना पंजाने तोंड खाजवणं, नुसतंच दात चावल्यासारखं करणं, ही लक्षणं दाताकडेच बोट दाखवतात. चिंचिलाचे निरोगी पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात, ते घाबरण्याचं कारण नाही. उलट ते फिकट पांढरे पडायला लागले तर दाखवावं. सशाचे आणि गिनी पिगचे मात्र पांढरेच असतात.

पुढचे दात वाकडे, लांब झालेले दिसले की नखं कापायच्या कात्रीने घरीच छाटायचा मोह होतो. करू नका. दात उभा चिरत मुळापर्यंत फुटू शकतो आणि तिथे पू धरतो. शिवाय चिंचिला आणि गिनी पिगमध्ये पुढचे दात लांबण्यामागे बहुतेक वेळा दाढांचाच बिघाड असतो. दाढांनी तोंड पूर्ण मिटू दिलं नाही की पुढचे दात एकमेकांवर घासतच नाहीत. पुढचे छाटून मागचं तसंच ठेवलं तर तीन-चार आठवड्यांत गाडं मूळ पदावर.

आणि आता त्या ‘महिना-दीड महिन्या’चा उलगडा. भूल देऊन टोकं घासून दिली की गालातली जखम भरते, प्राणी खायला लागतो. दाढा परत वाढतात आणि साधारण चार ते आठ आठवड्यांत पुन्हा टोचायला लागतात. तुमच्या प्राण्याच्या खाणं सोडण्याला असाच ठरावीक अंतराचा ठेका असेल, तर पोटाची औषधं बदलत बसण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांकडे काय मागायचं

शक्य असेल तर लहान प्राण्यांचा, विशेषतः सशांचा आणि गिनी पिगचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधा, आणि तो प्राणी धडधाकट असतानाच शोधून ठेवा. जाग्या प्राण्याच्या तोंडात दुर्बिणीची नळी घालून बघितलं की प्राथमिक अंदाज येतो, पण गाल आत येतात, जीभ मध्ये येते आणि बरंच सुटून जातं. ‘तोंड बघितलं, ठीक आहे’ यावर थांबू नका. त्रास परत परत होत असेल तर भूल देऊन पूर्ण तपासणी आणि कवटीचे एक्स-रे मागा. मुळं हाडात सरकली असतील तर तोंडात वरवर सगळं नीट दिसतं आणि खरी गोष्ट एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्येच कळते. त्याच भेटीत पोटाचाही एक्स-रे निघाला तर मुतखडा आणि वायू दोन्ही कळतात.

भूल द्यायच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबून विचारा. तो नियम उलटी होऊ शकणाऱ्या प्राण्यांसाठी आहे. या प्राण्यांना उपाशी ठेवणं म्हणजे आतडं आपल्या हाताने बंद पाडणं.

वेदनाशामक दिलंय ना, हे आवर्जून विचारा. मेलॉक्सिकॅम या प्राण्यांमध्ये नेहमी वापरलं जातं, मात्रा डॉक्टर ठरवतील. नुसतं आतडं हलवायचं औषध दिलं आणि दुखणं तसंच राहिलं तर प्राणी खाणार नाही. आणि आतड्यात अडथळा नाही याची खात्री झाल्याशिवाय ते हलवायचं औषधही देऊ नये.

प्रतिजैविकांबाबत तर तुम्हाला स्वतःला नावं पाठ असायला हवीत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या जातीची इतर औषधं तोंडावाटे, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, ही औषधं सीकममधले उपयोगी जिवाणू मारतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जिवाणू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांची रोजची औषधं म्हणून ती सहज लिहून दिली जातात. आधीच्या आजारानंतर लगेच खाणं सुटलं असेल तर तेव्हा कुठलं औषध चालू होतं, ती चिठ्ठी शोधा.

ठेका वेगळा असेल तर

सगळंच दातांवर ढकलू नका. खाणं सोडलं तो दिवस, त्या दिवशीची हवा, नवीन काय घडलं, हे एका वहीत लिहीत गेलात की दोन-तीन खेपांत काहीतरी जुळायला लागतं.

खाणं गरम दिवसांतच सुटत असेल तर चिंचिलाच्या बाबतीत पहिला संशय उष्णतेवर घ्या. त्याच्या एकेका रोमरंध्रातून केसांचा जुडगा उगवतो, अंगावर एवढी दाट फर की आतली उष्णता बाहेर पडायला वाव नाही, आणि घामही येत नाही. खोली २५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. २७-२८ च्या पुढे, त्यातही हवा दमट असेल तर, उष्माघाताचा धोका खरा आहे. कान लालबुंद होणं, आडवं पसरून पडणं, धापा टाकणं ही खूण. नुसत्या पंख्याचा उपयोग फारसा नाही, पंखा घाम वाळवून गारवा देतो आणि इथे घामच नाही. खोलीच थंड करावी लागते. पिंजऱ्यात फरशीचा किंवा संगमरवराचा गार तुकडा ठेवला तर तो त्यावर जाऊन बसेल. उष्माघात झालाच तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. थंड खोलीत आणा, कानांना ओलसर फडकं लावा आणि दवाखान्यात न्या.

पाण्याच्या बाटलीकडे कोणाचं लक्ष जात नाही. नळीतली गोळी अडकते, बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. पाणी नाही मिळालं की कोरडं गवत आणि पेलेट खाणं आपोआप सुटतं. रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का ते बघा. सशांना आणि गिनी पिगना जड भांड्यातून पाणी पिणं जास्त सोपं जातं. चिंचिलाच्या बाबतीत भांडं सांडून फर ओली होण्याची भीती असते, तिथे दोन बाटल्या लावलेल्या बऱ्या.

गिनी पिगच्या बाबतीत क जीवनसत्त्व हा वेगळा विषय आहे. माणसाप्रमाणेच त्याचं शरीर ते बनवू शकत नाही. रोज दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्या नाजूक होतात, प्राणी हलायला आणि खायला नको म्हणतो. पेलेटच्या पिशवीवर ‘क जीवनसत्त्वयुक्त’ लिहिलेलं असलं तरी बनवल्यापासून तीनेक महिन्यांत त्याचा बराच अंश उरत नाही, आणि पाण्यात टाकलेले थेंब तर त्याहून लवकर निकामी होतात. ताजी ढोबळी मिरची किंवा तोंडात थेट दिलेली मात्रा जास्त भरवशाची. चिंचिला आणि ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात, त्यांना ते वरून द्यायची गरज नसते.

लघवी करताना गिनी पिग ओरडत असेल किंवा लघवीत रक्त दिसत असेल तर मुतखडा असू शकतो. नर चिंचिला सारखा आपल्या लिंगाकडे वाकून चाटत असेल तर तिथे केसांचं कडं अडकलंय का ते तपासावं लागतं. हे कडं घट्ट होत जातं, लघवी अडते आणि वेदनेने खाणं सुटतं. पावलं जाळीवर उभी राहून सोलवटली असतील तर तेही दुखणंच आहे. जोडीत ठेवलेल्यांपैकी एकच खंगत असेल तर दुसरा त्याला वाडग्यापाशी येऊ देत नाही का, ते लांबून बघा. दोन वाडगी, दोन गवताच्या जागा, दोन लपायच्या जागा, एवढ्यावर कित्येकदा भागतं.

गवत खायला लावणं

आहारात गवत मुख्य, बाकी सगळं तोंडी लावायला. टिमोथी किंवा तत्सम धागेदार वाळलं गवत दिवसरात्र समोर हवं. लसूणघास पिल्लांना आणि गाभण माद्यांना ठीक, वाढलेल्या प्राण्याला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होतं आणि पेलेटसारखाच तो गवताची भूक मारतो. चिंचिलाला पेलेट दिवसाला एक-दोन मोठे चमचे पुरतात. बिया, मनुका, रंगीत तुकडे घातलेलं मिश्र खाणं बंदच करा. प्राणी त्यातलं गोड-तेलकट तेवढं वेचून खातो आणि बाकीचं टाकतो. डेगूला तर साखर अजिबात नको, त्यांना मधुमेह आणि मोतीबिंदू सहज होतो.

गवत खात नसलेल्या प्राण्याची पेलेट एकदम तोडू नका. आधी दात तपासून घ्या. दुखत असताना पेलेट काढून घेतली तर तो उपाशी राहील, गवताकडे वळणार नाही. दात ठीक असतील तर दोन-तीन आठवड्यांत पेलेट हळूहळू कमी करा, गवत दिवसातून दोनदा नवं टाका, वेगवेगळ्या जातींचं आणून बघा. पिशवी उघडल्यावर हिरवट रंग आणि गोडसर वास यायला हवा. धुळकट, पिवळं किंवा बुरशीचा वास येणारं गवत न खाणारा प्राणी शहाणाच म्हणायचा. नव्या पिशवीपासून तक्रार सुरू झाली असेल तर जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघा, तो लगेच सांगेल.

वजनकाटा

एवढं सगळं डोळ्यांनी पकडणं अवघड आहे, कारण शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात आणि दाट फरखाली हाडं दिसत नाहीत. म्हणून ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, साधारण त्याच वेळी, एका डब्यात बसवून वजन करा आणि लिहा. आजारपणात रोज. वाढलेल्या चिंचिलाचं वजन ४०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास असतं, पण तुमच्या प्राण्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. त्यात पाच टक्के घट झाली की बारकाईने लक्ष द्या, दहा टक्के झाली की न थांबता दवाखाना. दाढांच्या त्रासात वजन आधी घसरतं आणि खाणं नंतर सुटतं, त्यामुळे वही नीट ठेवली तर पुढची खेप येण्याआधीच तुम्हाला कळलेली असते. दाढा घासायची तारीखसुद्धा त्या आकड्यांवरूनच ठरवता येते.

काही प्राण्यांच्या दाढांची मुळं इतकी सरकलेली असतात की ते पूर्ण बरे होत नाहीत. दर काही आठवड्यांनी भूल, घासणं, वेदनाशामक आणि मऊ खाणं यावर काहीजण बरेच महिने, कधी वर्षंही, आनंदाने काढतात. तो धुळीत लोळतो का, उड्या मारतो का, तुमच्याकडे येतो का, दोन उपचारांच्या मधले बरे दिवस किती, हेही वहीत लिहा. बरे दिवस आटत चालले आणि भूल उतरल्यावरही तो स्वतःहून खात नसेल, तर त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. तो विषय तुम्ही काढलात म्हणून तुमचं प्रेम कमी ठरत नाही.

दाढा घासल्यावर बहुतेक प्राणी एक-दोन दिवसांत मऊ खाणं आणि आठवड्याभरात गवत धरतात. तोपर्यंत सिरिंज आणि वेदनाशामक थांबवू नका. आठवडा उलटूनही गवताला तोंड लावलं नाही किंवा वजन चढलं नाही, तर तोंडात अजून काहीतरी राहिलंय असं समजा आणि पुढच्या खेपेची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे एक्स-रे घेऊन परत जा.